माइक निवडण्यात गेलेले सात दिवस

बाईंच्या घशाच्या ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हा आमच्या हातात अकरा दिवस होते. त्यातले सात आम्ही माइक निवडण्यात घालवले. दोन दिवस तो मुंबईहून कुरिअरने यायची वाट बघण्यात गेले. दहाव्या दिवशी आम्ही कळवणच्या पुढच्या त्या गावात पोचलो, तेही दुपारी सव्वाबाराला.

आम्ही म्हणजे नाशिकमधली एक संस्था. बोलीभाषांचे आवाज जपून ठेवायचे हा तिचा उद्देश, आणि तो लेटरहेडवर फार सुंदर अक्षरात छापलेला होता. दोन वर्षांत संस्थेने एकही आवाज जपला नव्हता. बैठका मात्र महिन्याला दोन, न चुकता, गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये, एसी लावून.

अध्यक्ष अंबडच्या एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर त्यांनी कॉम्प्रेसर, क्रेन, लेथ मशीन असल्या वस्तू घेतल्या होत्या आणि प्रत्येक वस्तू तीन ठिकाणची माहिती मागवून, तक्ता करून, तीन सह्या घेऊन. आता कारखाना नव्हता, पण तक्ता करायचा हात शिवशिवत होता. एखादी म्हातारी दोन गोष्टी सांगणार, त्या टिपून घ्यायच्या, एवढ्या साध्या कामालाही ते 'प्रोक्युअरमेंट' म्हणत. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता. बैठकीत चहा स्वतः ओतून देत. त्यामुळे त्यांच्यावर रागावणं अवघड जाई, आणि मग राग साचून त्याची तुच्छता होई. माझ्या बाबतीत तरी झाली.

मी पंचवटीत पूजेच्या सामानाच्या एका दुकानावर जो स्टुडिओ होता, तिथे बावीस वर्षं रेकॉर्डिंगचं काम केलं. आरत्या, क्लासच्या जाहिराती, निवडणुकीत रिक्षावर फिरणाऱ्या घोषणा. उमेदवार पडायचा, पण त्याचा आवाज स्वच्छ असायचा. स्टुडिओ बंद झाल्यावर मी घरी बसून लोकांची रेकॉर्डिंग नीट करून द्यायला लागले. संस्थेत मला घेतलं, कारण 'ताईंना आवाजातलं कळतं'. घेतल्यावर मात्र आवाजातलं मला कोणी काही विचारलं नाही. हजेरीचं रजिस्टर तेवढं पुढे सरकवत.

बाईंचं नाव संस्थेला मीच सुचवलं होतं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झालेल्या. काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी एक फिल्म होत होती, तिचा आवाज मी टिपत होते, तिथे त्या आल्या होत्या. घरी अहिराणी बोलणारी मुलं पहिलीत येतात तेव्हा त्यांना शाळेची मराठी परकी वाटते, ती कशी जवळ आणायची, हे त्यांना सांगायचं होतं. त्यांनी सांगितलं काहीच नाही. सरळ एक गोष्ट सुरू केली, अर्धी अहिराणीत, अर्धी मराठीत, आणि कुठे एकीतून दुसरीत शिरल्या ते कळलं नाही. दिवे धरणारी माणसंसुद्धा दारात येऊन उभी राहिली. फिल्ममध्ये त्यातलं अर्धं वाक्य ठेवलं होतं.

तर त्या बाईंचा एका सकाळी फोन आला. आवाज घोगरा होता. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलंय, नाशिकलाच ऑपरेशन आहे, त्यानंतर बोलता येणार नाही, असं त्यांनी शाळातपासणीची तारीख सांगावी तशा सुरात सांगितलं. मग म्हणाल्या, "सकाळी अकरापर्यंत आवाज बरा असतो, नंतर बसतो. अकरा दिवस हाताशी आहेत. कधी येता तेवढं सांगा."

मी त्याच दिवशी अध्यक्षांना फोन केला. त्यांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी तातडीची बैठक बोलावली. मला वाटलं, आता गाडी काढतील. बैठकीचा विषय होता, शॉटगन माइकची निवड.

त्यासाठी एक सल्लागार आणला होता. चाळिशीचा, नीट कोरलेली दाढी, लग्नांची शूटिंग करणारा आणि इंटरनेटवर माइक-कॅमेऱ्यांबद्दल व्हिडिओ टाकणारा. त्याच्याकडे काळ्या फोमच्या पेटीत तीन माइक होते. एक वीतभर, एक त्याहून मोठा आणि एक चांगला हातभर लांब. तिन्ही नळीसारखे, कडेला चिरा पाडलेले. त्याने ते टेबलावर लांबीप्रमाणे मांडले, आणि मला त्याच क्षणी कळलं की कुठला घेतला जाणार.

त्याचं म्हणणं असं, की हा गन माइक बंदुकीसारखा नेम धरतो. जितका लांब, तितकं लांबचं ऐकतो. मोठा माइक तर चाळीस फुटांवरचं कुजबुजणंही पकडतो. अध्यक्षांनी हे लिहून घेतलं.

मी एकदाच बोलले. म्हटलं, लांब माइक लांबचं ऐकत नाही, तो फक्त बाजूचं कमी ऐकतो. मोकळ्या रानात तोंडाजवळ धरला तर उत्तम काम करील. पण खेड्यातल्या लहान खोलीत भिंती, फरशी आणि पत्रा आवाज परत फेकतात, तो सगळ्या बाजूंनी ह्या नळीत शिरतो आणि माणूस रांजणात बसून बोलल्यासारखा ऐकू येतो. तिथे लहान माइक, नाहीतर साडीला लावायचा बटणाएवढा माइक बरा. आणि कुठलाही घेतला तरी तोंडापासून हातभराच्या आत पाहिजे. तिन्ही घेऊन उद्याच गावाला जाऊ, बाईंच्या खोलीत बोलून बघू, जो बरा वाटेल त्याच्यावर काम सुरू करू.

सल्लागार हसला. ताई, स्टुडिओतली गोष्ट वेगळी असते, असं तो मला म्हणाला. खेड्यातल्या खोलीबद्दल मी बोलत होते आणि स्टुडिओचं मला तो सांगत होता. अध्यक्ष म्हणाले की आपण एकदाच घेणार आहोत, तर उत्तमच घेऊ, आणि सगळ्यांना चहा ओतला.

मग चाचणी झाली. कुठे, तर त्याच फ्लॅटमध्ये, गालिचा, जाड पडदे आणि सोफे असलेल्या दिवाणखान्यात. सल्लागाराने वर्तमानपत्रातली हवामानाची बातमी तीनदा वाचली. अशा खोलीत पितळी तांब्यात बोललं तरी बरं ऐकू येईल. अध्यक्ष हेडफोन लावून, डोळे मिटून, गाणं ऐकावं तशी मान डोलवत होते. तिन्हींत फरक काय, असं कोणी त्यांना विचारलं, तेव्हा तिसऱ्यात 'भारदस्तपणा' आहे म्हणाले.

तरी निर्णय झाला नाही. पुढच्या बैठकीत आलेख आले. भिंतीवर रेघा पाडल्या, लाल ठिपक्याच्या टॉर्चने त्या दाखवल्या, आणि चार निवृत्त माणसं कुठल्या रेघेची उतरण चांगली यावर तावातावाने बोलली. त्यांतल्या एकानेही बाईंचा आवाज ऐकला नव्हता. तिसऱ्या बैठकीत वाऱ्यासाठी लागणाऱ्या केसाळ कव्हरचा विषय निघाला. उघड्यावर रेकॉर्डिंग करायचं तर ते लागतंच, नाहीतर वाऱ्याची झुळूकही धप्पकन आपटते. अध्यक्षांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि विचारलं, हे काय मेलेलं मांजर लावून फिरायचं का? फोटोत बरं दिसणार नाही. कव्हर यादीतून गेलं. चौथ्या बैठकीत लांब माइक ठरला. सल्लागाराकडचा नमुन्याचा होता, म्हणून नवा, सीलबंद मागवला.

या सात दिवसांत बाईंचे दोन फोन आले. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, काही अडचण आहे का, मी एसटीने नाशिकला येऊ का? मी म्हटलं, नको बाई, आम्हीच येतो, तयारी चाललीय. तयारी हा शब्द उच्चारताना मला शरम वाटली.

माझ्याकडे घरी स्वतःचं छोटं यंत्र होतं. साडीला लावायचा माइकही होता. सकाळी सहाची एसटी धरून मी एकटी जाऊ शकले असते. पाचव्या दिवशी तसं अध्यक्षांना बोललेही. ते म्हणाले, दोन वेगळ्या माइकवरची रेकॉर्डिंग एकत्र ठेवली तर संग्रहाचा दर्जा एकसमान राहणार नाही. मी बरं म्हणून फोन ठेवला.

आता खरं सांगते. त्यांची परवानगी मला लागत नव्हती. मी त्यांची नोकर नव्हते. मी गेले नाही, कारण त्यांची फजिती व्हावी असं मला वाटत होतं. हातभर माइक घेऊन त्यांनी बाईंच्या खोलीत शिरावं, रांजणातला आवाज ऐकावा आणि वळून माझ्याकडे बघावं, एवढंच मला बघायचं होतं. त्यात बाईंचं काय होईल याचा मी विचार केला नाही असं नाही. केला, आणि बाजूला ठेवला.

दहाव्या दिवशी सातला निघायचं मी सांगितलं होतं. साडेनऊला निघालो, कारण शाल आणि गुच्छ घ्यायचे राहिले होते. वणीच्या अलीकडे सल्लागाराला डोंगर दिसला, त्याने गाडी थांबवून ड्रोन उडवला. एका बाईचा आवाज परवापासून राहणार नव्हता आणि आम्ही डोंगराचं चित्रण करत होतो. डोंगर काही कुठे जाणार नव्हता.

बाईंचं घर गावाच्या कडेला. मागे दोन पक्क्या खोल्या, पुढे पत्र्याची एक. बाजूला पिठाची गिरणी. बाई पुढच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या, इस्त्रीची निळी सुती साडी, केस चोपून बसवलेले. त्यांच्याबरोबर त्यांची भावजय राहते. ती दारातच मला म्हणाली की वन्सं सकाळपासून एक शब्द बोलल्या नाहीत. आवाज तुमच्यासाठी राखून ठेवलाय. चहा पाहिजे तेसुद्धा वहीत लिहून दाखवतात. आठपासून त्या अशा बसून होत्या.

अध्यक्षांनी हे ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. आणि लगेच त्यांनी भाषण सुरू केलं. मायबोली, मातीचा सुगंध, संस्थेची वाटचाल. बारा मिनिटं. मग शाल पांघरली आणि सत्काराला उत्तर म्हणून बाईंनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती केली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि सकाळपासून राखलेल्या आवाजात त्यांनी संस्थेचे आभार मानले. उभ्या गावासमोर स्वातंत्र्यदिनाला बोललेल्या बाई त्या. दोन शब्द म्हटल्यावर त्यांनी चार मिनिटं नीट भाषण केलं. रेकॉर्डिंग सुरूच झालेलं नव्हतं.

सल्लागाराने माइक स्टँडवर लावला आणि बाईंपासून सहा फुटांवर ठेवला. जवळ आणला तर कॅमेऱ्यात दिसेल म्हणे. मागे पुस्तकांचं कपाट यावं म्हणून बाईंची खुर्ची पत्र्याखाली अगदी मधोमध सरकवली. पंखा बंद केला. पत्रा उन्हाने तापून मधूनमधून कडकड वाजत होता. गिरणीचा पट्टा धडधडत होता. मी हेडफोन कानाला लावले.

मी सांगितलं होतं अगदी तसंच. बाईंचा आवाज पाण्याच्या रिकाम्या टाकीतून यावा तसा येत होता. प्रत्येक शब्दाला त्याच शब्दाची शेपटी. शब्दांच्या मागे गिरणी.

अध्यक्षांनी विचारलं, "कसं येतंय, ताई?"

नुसतं थांबा म्हणायचं होतं. माइक उचलून बाईंच्या डोक्यावर आणा, खुर्ची मागच्या अंगणात न्या, गिरणीवाल्याला तासभर थांबायला सांगा. पाच मिनिटांचं काम होतं. मी म्हटलं, "तुम्ही निवडलाय, चांगलंच येणार."

त्यांना टोमणा कळला नाही. त्यांनी समाधानाने मान हलवली. बाईंना मात्र कळला असावा. त्यांनी क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गोष्ट सुरू केली.

चाळीस मिनिटं त्या बोलल्या. आठ गोष्टी सांगितल्या. आवाज फाटायचा, त्या पाण्याचा घोट घ्यायच्या, पुन्हा सुरू करायच्या. कोल्ह्याची गोष्ट सांगताना सल्लागाराच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली म्हणून त्याने त्यांना थांबवलं आणि ती पहिल्यापासून सांगायला लावली. मी हेडफोन काढले नाहीत. ऐकत राहिले. माझं म्हणणं खरं ठरलं याचा आनंद मला पहिली दहा मिनिटं झाला असेल. त्यानंतर जे वाटलं ते इतकं ओंगळ होतं, की अजून त्याला शब्द दिलेला नाही.

आठवी गोष्ट संपल्यावर अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. भावजयीने ताटं वाढली आहेत असं सांगितल्यावर मंडळी आत जेवायला गेली. बाई उठून मागच्या अंगणात शेवग्याखाली जाऊन बसल्या. मी माइक स्टँडवरून काढला, यंत्र खांद्याला अडकवलं आणि त्यांच्या मागून गेले. अंगणात वारा होता. भावजयीला विचारून दोरीवरची लोकरीची कानटोपी घेतली आणि माइकच्या तोंडावर चढवली. बाईंसमोर उकिडवी बसले आणि माइक त्यांच्या हनुवटीखाली, वीतभर अंतरावर धरला. हेडफोनमध्ये त्यांचा नुसता श्वास आला, आणि तो इतका जवळचा, इतका स्पष्ट होता, की मला तो माइक जमिनीवर आपटावासा वाटला. माइकमध्ये काहीच खोट नव्हती.

"बोलू का आते?" त्यांनी अहिराणीत विचारलं. मी मान हलवली.

त्यांनी एका शेळीची गोष्ट सुरू केली. हिचा मालक दर बाजाराला फसून यायचा, तेव्हा शेळी म्हणाली, मीच जाते आणि मलाच विकून येते. ती कळवणच्या बाजारात जाऊन उभी राहिली. गिऱ्हाईक आलं की ती विचारायची, मला घेऊन तू माझं काय करशील? कोणी म्हणे दूध काढीन, कोणी म्हणे पाहुण्यांना वाढीन. शेळी प्रत्येकाला नाक मुरडून वाटेला लावायची. प्रत्येक गिऱ्हाइकाला बाई वेगळा आवाज देत होत्या. त्या फाटक्या गळ्यातून कसाई येत होता, सावकारीण येत होती, आणि शेळी तर साक्षात उभी होती. उन्हं कलायला लागली, बाजार उठायला लागला, तेव्हा एक म्हातारी आली. शेळीने तिलाही तेच विचारलं. म्हातारी म्हणाली, ते राहू दे.

"आनि तू मनं काय करशी?"

एवढं बोलल्या आणि आवाज गेला. पुढचा शब्द ओठांवर दिसला, पण फक्त हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग हाताचा पंजा वर केला, मुलांना गप्प करताना करतात तसा, आणि हसल्या.

मी यंत्र बंद केलं. त्यांनी कमरेची वही काढली आणि लिहिलं, 'आत नीट येत नव्हतं ना? तुझ्या तोंडावर दिसत होतं.'

मी हो म्हटलं.

त्यांनी वही परत ओढली. 'मग तेव्हाच का नाही सांगितलंस?'

शाळेत चुकलेल्या मुलाला विचारावं तसंच, राग न दाखवता, पण उत्तराची वाट बघत. त्या खरंच वाट बघत होत्या. पेन्सिल माझ्याकडे केली होती. मी ती घेतली नाही. आतून ताटांचा आवाज येत होता आणि अध्यक्ष भावजयीच्या ठेच्याची तारीफ करत होते.

परतीच्या वाटेवर सगळे खूश होते. दोन दिवसांनी बाईंचं ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं. आठवडाभरात संस्थेने व्हिडिओ टाकला. सल्लागाराने खोलीतली धडधड एका सॉफ्टवेअरने काढली होती आणि तिच्याबरोबर बाईंनाही बऱ्यापैकी काढून टाकलं होतं. उरलेल्या पत्र्यासारख्या आवाजाखाली त्याने बासरी लावली. व्हिडिओच्या पहिल्या चौकटीत बाई नव्हत्या. माइक होता आणि त्याच्याकडे बघणारे अध्यक्ष होते. खाली लोकांनी अभिनंदन केलं होतं. माइक कुठला, असंही बऱ्याच जणांनी विचारलं होतं.

मी मूळ रेकॉर्डिंग मागून घेतलं आणि सहा आठवडे त्याच्यावर काम करत बसले. आठांतल्या तीन गोष्टी कान देऊन ऐकल्या तर समजतील इतपत झाल्या. बाकीच्या पाचांत शब्द आहेत, बाई नाहीत. अध्यक्षांना मी एकदा सगळं सांगितलं. खोलीत ऐकताक्षणी मला कळलं होतं आणि मी मुद्दाम गप्प बसले, हेही सांगितलं. त्यांनी मला चहा ओतून दिला. मग म्हणाले, पुढच्या वेळी आपण याहून वरचा घेऊ. त्यांना समजलं होतं की नव्हतं, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यानंतर मी त्या फ्लॅटमध्ये गेले नाही.

चार महिन्यांनी बाई तपासणीसाठी नाशिकला आल्या, तेव्हा भावजयीला घेऊन माझ्या घरी आल्या. मीच बोलावलं होतं. गळ्याशी छोटं भोक, त्यावर पातळ पांढरं कापड. वजन उतरलं होतं, पण केस तसेच चोपून बसवलेले. मी त्यांना हेडफोन दिले आणि खोलीतल्या गोष्टी लावल्या. त्या मिनिटभर ऐकून थांबल्या आणि वहीत लिहिलं, 'शाळेच्या पत्र्याखालीही मी अशीच ऐकू यायचे? एवढी वर्षं पोरांनी कसं काय सहन केलं!' आणि खांदे हलवत हसल्या. त्यात आवाज नव्हता. भावजय मात्र मोठ्याने हसली आणि मग पदराने डोळे पुसायला लागली.

शेळीची गोष्ट त्यांनी तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा डोळे मिटून. संपल्यावर हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग लिहिलं, 'पुरी कर.'

मला शेवट माहीत नव्हता. त्यांनी तो लिहून दिला. म्हातारीने विचारल्यावर शेळी म्हणते, मी तुझी भाकरी खाईन आणि तुझ्या चुलीशी झोपेन. म्हातारी म्हणते, दिवसभराच्या बाजारात तू एकटीच खरं बोललीस, चल. हे अहिराणीत होतं आणि ते मी बोलायचं होतं. मी म्हटलं, भावजयींना बोलू द्या, त्यांची बोली आहे. बाईंनी नकाराची मान हलवली आणि पेन्सिलीचं टोक माझ्याकडे केलं.

मी माझा लहान माइक लावला आणि म्हटलं, "तुनी भाकर खासू, तुना चुल्हापान झोपसू." पेन्सिल टेबलावर टक्कन वाजली. पुन्हा म्हटलं. पुन्हा टक्. बावीस वर्षं मी लोकांना काचेपलीकडून हात करून थांबवत आले, पुन्हा घ्या म्हणत आले. शब्द तोंडात मऊ होत नाही, सूर चुकतो, कोणाला सांगताय ते कळत नाही. आता मला कळलं की त्या लोकांना माझ्याबद्दल काय वाटत असेल. भावजय म्हणाली, वन्सं, जाऊ द्या, बरं म्हणतात त्या. बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कितव्या खेपेला कोण जाणे, पेन्सिल वाजली नाही. मी दचकून थांबलेच. त्यांनी हाताने खूण केली, पुढे.

ही गोष्ट मी संस्थेकडे पाठवली. शेवट दुसऱ्या व्यक्तीच्या आवाजात आहे, त्यामुळे संग्रहात घेता येत नाही, असं दोन ओळींचं पत्र आलं. त्याच सुंदर अक्षरांच्या लेटरहेडवर.

आता ती भावजयीच्या फोनमध्ये आहे आणि गावातल्या बऱ्याच फोनमध्ये गेली आहे. बाई मला अधूनमधून व्हॉट्सॲपवर लिहितात. तब्येतीचं एक वाक्य, आणि नंतर कामाचं. परवा लिहिलं होतं, 'काल पुन्हा ऐकली. खासू म्हणताना अजून पुणेरी वाटतेस. ये एकदा, पुन्हा घेऊ.'